अळूच्या वाफ्यातला ड्रिपर

मी ठिबक सिंचनाचा एक जुना ड्रिपर आहे. काळं अंग, लाल टोपी, उंची बोटाच्या पेराएवढी. मित्रांनो, जळगावच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात एक बारीक, नागमोडी वाट आहे. जोरात आलेलं पाणी त्या वाटेनं वळता वळता दमतं आणि थेंब होऊन बाहेर पडतं. तासाला चार लिटर, एवढंच माझं काम.

मोरेश्वररावांनी गावाहून परतताना मला माझ्या एकोणीस भावंडांसह जयपूरला आणलं. मुरलीपुऱ्यातल्या घरामागे त्यांच्या पत्नीनं, नीलिमाताईंनी, अळू लावला होता. टाकीतून निघालेल्या नळीवर, त्याच्या मुळाशी मी बसलो. बोअरच्या पाण्यानं दर उन्हाळ्यात माझ्यावर पांढरे क्षार धरत. नीलिमाताई मला व्हिनेगरमध्ये बुडवत आणि मी पुन्हा टपकू लागे. पाहुण्यांना त्या कौतुकानं सांगत, "जयपुरात अळू? सगळी या ड्रिपरची कृपा!"

यंदा गणपतीला आठ दिवस उरले होते. अकरा मराठी घरांना अळूवडीचं आमंत्रण गेलेलं, आणि अळूनं माना टाकल्या! मी ठार बंद होतो.

"क्षार," मोरेश्वरराव म्हणाले. "इथलं पाणीच तसं."

"क्षार पांढरे असतात हो. याच्या तोंडाशी तर तपकिरी चिकटा आहे," नीलिमाताई म्हणाल्या. "टाकीत काही घातलंत का?"

"जीवामृत. शेण, गूळ, बेसन. शेतावर आमचे आबा हेच घालायचे."

"आबाही टाकीत घालायचे?"

"नाही... तांब्यानं, मुळाशी."

"आणि फिल्टरची जाळी?"

"पाणी हळू येत होतं. मतलब... काढून ठेवलीय."

नीलिमाताईंनी माझी लाल टोपी उघडली. आत गूळ-बेसनावर पोसलेला बुळबुळीत थर आणि शेणातली एक काडी.

"घ्या, पिठलं तयार आहे. भात लावू?"

मोरेश्वरराव जुना टूथब्रश घेऊन बसले. "टाचणी घालू का?"

"खबरदार! भोक मोठं झालं तर एका झाडाला पूर आणि दुसऱ्याला दुष्काळ."

रविवारची अख्खी सकाळ आम्हा वीस भावंडांची आंघोळ चालली. टाकी धुतली, जाळी बसवली. नळीचं टोक सोडताच तपकिरी गाळ भसाभस वाहून गेला. दुपारी मी पहिला थेंब सोडला. तिसऱ्या दिवशी अळूनं मान वर केली. गणपतीला अकरा घरं जेवली, आणि ताटात एकही वडी उरली नाही.

मित्रांनो, माझं तोंड फार लहान आहे. मला पाणी गाळून पाजा, महिन्यातून एकदा नळीचं टोक सोडा. थेंब मोजायचं काम माझ्यावर सोपवा.

आता मोरेश्वरराव जीवामृत तांब्यातून आणतात. मला वळसा घालून अगदी जपून मुळाशी ओततात. खिडकीतून नीलिमाताई रोज विचारतात, "आज पिठलं कुणाला?"

"अळूला!" ते ओरडतात.

आणि मी टपकतो.