गाळपेरीत रोवलेली फळी

मी विंडसर्फिंगची फळी बोलतेय. पाण्यावर पोटावर पडते, पाठीत शीड रोवून घेते आणि वाऱ्यासोबत पळते, ती. म्हणजे पळायची ती. आता नाशिकच्या पश्चिमेला एका धरणाच्या काठी चिखलात शेपटीवर उभी आहे, आणि मला या गावातल्या मोठ्या माणसांची किळस येते. आत्मवृत्तात गोड बोलायचं असतं म्हणे. ज्याला गोड हवं त्याने निफाडला जाऊन उसाचं ऐकावं.

माझ्या आत फोम भरलेला, वर कडक कवच. इथल्या बोट क्लबाने मला आणलं तेव्हा उद्घाटनाला चार पुढारी आणि सात हार होते. नारळ फोडायला दगड सापडेना, म्हणून अध्यक्षांनी तो माझ्याच नाकावर फोडला. कवचाला तडा गेला. टाळ्या वाजल्या. त्यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं. पुढची दोन वर्षं मी गोदामात मांडवाच्या खुर्च्यांखाली पडून होते, अंगावर उंदरांच्या लेंड्या.

बाहेर काढलं ते हर्षालीने. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली पोर, दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेली, क्लबात लाइफ जॅकेटं धुवायला होती. तिने माझा तडा भरला, घासून गुळगुळीत केला. तिला शिकायचा होता वॉटर स्टार्ट. एरवी नवशिके माझ्यावर उभे राहून ओलं शीड दोरीने उपसतात, कंबर धरतात आणि पुन्हा पडतात. वॉटर स्टार्टला पाण्यातच उताणं पडून शीड वाऱ्याच्या तोंडी द्यायचं. वारा भरला की तोच माणसाला उचलून माझ्यावर उभं करतो.

पण त्याला जागा लागते. पाणी छातीइतकं, म्हणजे दमल्यावर पाय टेकतात. तळ सपाट. वारा एकसारखा आणि तिरपा काठाकडे येणारा, म्हणजे चुकलेला माणूस आत वाहून जात नाही.

मे आणि जून आम्ही हीच जागा शोधत हिंडलो. धरणाच्या भिंतीजवळ पाणी खोल, शिवाय लाट भिंतीवर आपटून उलटी येते. टेकडीच्या आडोशाला वारा एक थोबाडीत मारतो आणि गायब होतो. गावच्या घाटाला निर्माल्य, दारूच्या बाटल्या, देवांच्या तसबिरींच्या फुटक्या काचा. ज्यांनी देवाची काच लोकांच्या पायाखाली टाकली, तेच घाटावर बसून म्हणत होते की पोरीच्या अर्ध्या पॅन्टीने गाव बाटतं.

मग जुलैत पाणी चढलं आणि तिला गाळपेर आठवली. उन्हाळ्यात धरण आटलं की उघड्या पडलेल्या गाळात तिचे चुलते कोंडाजीतात्या काकड्या लावतात. पावसाळ्यात ते वावर पाण्याखाली जातं. तळ परातीसारखा, दगड औषधालाही नाही. अडचण एकच, तात्यांचं काटेरी तारेचं कुंपण. गाळपेरीची जमीन सरकारची, एका हंगामापुरती दिलेली. पण गावची रीत अशी की पाणी ओसरल्यावर ज्याच्या कुंपणाचे खुंट वर दिसतील, पुढच्या साली वावर त्याचं. म्हणून म्हातारे तार काढतच नाहीत, तशीच बुडू देतात.

पाणी गढूळ, तळ दिसेना. हर्षालीने तात्यांना विचारलं. तात्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून सांगितलं की औंदा काढली. तिने विश्वास ठेवला. या गावात अजून माळेवर विश्वास ठेवतात, ही यांची जुनी चूक.

रविवारी मुंबईहून प्रशिक्षक मंजुषाताई येणार होत्या. जागा पसंत पडली तर पंधरा मुलींचा वर्ग इथे, आणि शिकवायला हर्षाली. नाहीतर वर्ग भिंतीजवळ, अध्यक्षांच्या मांडवासमोर, आणि हर्षाली पुन्हा जॅकेटांच्या टाकीशी.

शनिवारी दुपारी आम्ही उतरलो. सोळा वेळा ती पडली. सतराव्या वेळी वारा भरला, तिचं वजन पाण्यातून सुटलं आणि दोन्ही तळवे माझ्यावर आले. ती हसली. पन्नास हात पळालो असू. मग माझ्या पोटाखालचं पातं तारेत अडकलं, मी जागीच थांबले आणि ती पुढे फेकली गेली. माझं पोट उभं फाटलं. तिची पोटरीही.

काठावर तात्या होते, शेजारी तिचा बाप सोमनाथ.

"खुंट काढले असते तर त्या शेजारच्या बारकूनं वावर गिळलं असतं," तात्या म्हणाले.

"माळेला हात लावला होता तुम्ही."

"माळ माझी हाय. उद्या बाईपुढं तोंड उघडू नको. पाणी गढूळ हाय, कोणाला काय दिसतंय?"

तिने बापाकडे बघितलं. बाप जमिनीकडे बघत म्हणाला, "ऐक तात्यांचं. तुझ्याच पोटापाण्याचं हाय."

रविवारी मंजुषाताई आल्या. वारा तोंडावर घेतला, काठाकाठाने हिंडल्या, म्हणाल्या की नवशिक्यांसाठी इतकी चांगली जागा त्यांनी क्वचितच पाहिली. तात्या माळ कुरवाळत हसले. हर्षाली खाली बसली, पोटरीची पट्टी सोडली आणि टाके दाखवले.

"खाली तार हाय, ताई. पोरी आणू नका."

तार कधी निघेल, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, पाणी ओसरल्यावर, मार्चात. कोणी काढली तर.

वर्ग भिंतीजवळ गेला. पंधरा मुली दिवसभर दोरी ओढत होत्या, उलट्या लाटेने पडत होत्या, आणि मांडवात म्हातारे वडे खात बसले होते.

माझ्या पोटात पाणी भरलं, मी कामातून गेले. हर्षालीने मला इथे काठावर उभी रोवली आणि लाल ऑइल पेंटने लिहिलं: खाली काटेरी तार. उतरू नका.

तिसऱ्या दिवशी तात्या आले. वाटलं, आता उपटणार. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, तंबाखू थुंकली आणि सोमनाथला म्हणाले, "पोरीनं बेस केलं. लांबून दिसती. आपल्या वावराची खूण पक्की झाली." जाताना तारेचं एक टोक माझ्या गळ्याला बांधून गेले.

हर्षालीने क्लब सोडलाय. समोरच्या काठाने ती पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चालते, लंगडत, हातात बांबू, दर दोन पावलांवर तळ चाचपते. इथून माझी हाक पोचत नाही, तरी सांगते. पोरी, तिकडेही काठावर म्हातारे बसलेले असतील. त्यांना काही विचारू नकोस. बांबूला विचार.