पोलादी ओठांची धार

मार्गशीर्षातली सकाळ. पठारावर केशरकोवळे, दवधुतले ऊन उतरत होते. गोल्फच्या मैदानाची हिरवाई पात्यापात्याने उजळत होती.

मैदानाकाठी विश्रामची पत्र्याची शेड. मोडलेल्या स्टिक जोडण्यात त्याची तीस वर्षे गेली होती. आज त्याच्यापुढे लेकीची, केतकीची स्टिक होती. तिसऱ्यांदा मोडलेली. तिन्ही वेळा तिथेच, पोलादी डोक्याच्या मानेशी, जिथे तो काळा, कृश, कार्बनचा दांडा आत शिरतो.

"आबा, उद्या मी हळूच मारीन," केतकी म्हणाली. "सगळे म्हणतात, पोरीचा हातच जड."

उद्या निवडीचा सामना. आणि विजेच्या लखलखाटाचा तो हात आज लाजाळूच्या पानासारखा मिटू पाहत होता.

आतला जुना गोंद सुटावा म्हणून मंद आचेवर त्याने पोलाद तापवले. घाई नाही, पीळ नाही. सरळ, अलगद त्याने तुटका खुंट ओढून काढला. पोलाद निवल्यावर मानेच्या मुखात बोट फिरवले, आणि बोटावर माणकासारखा रक्ताचा थेंब उमलला.

ती वर्तुळाकार कड आतून पात्यासारखी तीक्ष्ण होती. फटक्याफटक्याला दांडा लवत होता. लवता लवता कड त्याच्या तंतूंत रुतत होती. दांडे त्याने बदलले, गोंद बदलला. कडेवर मात्र कधी बोट फिरवले नव्हते.

"केतकी, हे बघ. हात तुझा जड नाही गं. चुकलो मी. ही धार आधीच मोडायला हवी होती."

"म्हणजे माझं काहीच चुकत नव्हतं?"

"काहीच नाही, बाळा."

त्याच्या बोटाला आपला रुमाल बांधता बांधता ती हसली, "आणि मी महिनाभर स्वतःलाच रागावतेय, आबा!"

शंकूसारखे हत्यार मानेच्या मुखात गरगर फिरले. रुपेरी भुगा झरझर झरला. कड उतरती झाली, मृदू झाली, उमलत्या फुलाच्या गळ्यासारखी. गोंद धरावा म्हणून नव्या दांड्याच्या टोकावरचा रंग तेवढा त्याने घासला. आतल्या तंतूंना ओरखडा लागू दिला नाही. गोंद लावला, डोके बसवले, आणि दिवसभर कुणालाही त्याला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी केतकी उभी राहिली. खांदे वळले, कंबर वळली, सारा देह एक सळसळती रेषा झाला. दांडा धनुष्यासारखा लवला, आणि सावरला.

विश्रामने श्वास सोडला.

शुभ्र चेंडू निळाईत चढला, चढतच राहिला. आणि दूर, खूप दूर, हिरवळीवर टिंबाएवढा होऊन हळूच टेकला.