कर्ण्याने ऐकलेला निकाल

मी एक जुना कर्णा आहे. महाभारतातला कर्ण नव्हे, लाउडस्पीकरचा कर्णा. माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तिथून रेल्वेने नांदुऱ्याला आणि नांदुऱ्याहून बैलगाडीने मी वडनेर भोलजीला आलो. माझे मालक रंगराव. लग्न असो, बारसे असो की निवडणूक, ते मला झाडावर बांधत आणि मी गावाची झोप उडवत असे. मित्रांनो, निवडणुकीत मी सर्व उमेदवारांचा प्रचार सारख्याच निष्ठेने केला. एवढी निष्ठा खुद्द उमेदवारांतही नसे.

एकदा लग्न आटोपले, यंत्र घरी गेले आणि मी कडुनिंबावरच विसरला गेलो. दुसऱ्या दिवशी उद्धवने मला उतरवून पळवले.

उद्धव हा गीताबाईंचा एकुलता एक मुलगा, वय एकोणीस. ज्वारीवरची पाखरे हाकलणे हे त्याचे काम. मचाणावर उभे राहून गोफण फिरवायचा त्याला कंटाळा. कर्ण्यातून ओरडले तर निजल्या निजल्या काम होईल, असा त्याने शोध लावला. माझ्या शेपटाला, म्हणजे निमुळत्या टोकाला, तोंड लावून तो आडवा झाला आणि "हाऽऽड! हाऽऽड!" करू लागला. पाखरे उडाली. पण चोरी केल्यावर गप्प बसायचे असते, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. शेजारच्या वावरातून रंगराव उठले.

"काय बाप्पा! हा तं माहा कर्णा बोलून राह्यला!"

रंगराव पोलिसांत गेले. उद्धव जामिनावर सुटून घरी गेला आणि मी मुद्देमाल म्हणून पोलिसांच्या कोठीत पडलो. चोर बाहेर, चोरीला गेलेला आत. माझ्यावर कोणतेही कलम नव्हते, तरी मला कोणी जामीन राहिले नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा काही वर्षे झाली होती आणि सरकारी मराठी नुकतीच बाळसे धरत होती. खटल्याच्या दिवशी मला लाखेची मोहोर लावून टेबलावर ठेवले होते. उद्धवने गुन्हा कबूल केला. न्यायाधीश म्हणाले, "मुलगा एकवीसच्या आतला आहे, गुन्हा पहिलाच आहे. तुरुंगात घातला तर तिथल्या उस्तादांकडून नीट चोरी शिकून येईल. यासाठी कायद्यात सोय आहे. मी याला एक वर्षाच्या परिवीक्षेवर सोडतो."

हे ऐकताच गीताबाई हंबरडा फोडून पुढे धावल्या.

"नोको हो सायेब! तिसरीत तीनदा नापास झाला हो माहा लेक! त्याले परीक्षा नोका देऊ. त्यापरीस जेल द्या!"

शिपायाने तोंडाला रुमाल लावला. न्यायाधीशांनी समजावले, "बाई, परीक्षा नव्हे, परिवीक्षा."

"तेच तं म्हणून राह्यली मी!"

शेवटी नीळकंठराव नावाचे परिवीक्षा अधिकारी उठले. त्यांनी सांगितले, की मुलाने वर्षभर घरीच राहायचे, सरळ वागायचे, कष्ट करून खायचे. आपण येऊन लक्ष ठेवू. मात्र वाकडे पाऊल पडले, तर हेच न्यायाधीश बोलावून शिक्षा देतील.

"म्हंजे परीक्षाच," गीताबाई म्हणाल्या. न्यायाधीशांनी माझी मोहोर फोडून मला रंगरावांच्या हवाली केले.

काम कुठे द्यायचे, हा प्रश्न आला. नीळकंठरावांनी रंगरावांनाच गळ घातली.

"ज्यानं कर्णा नेला त्याच्याच हाती कर्णा देऊ? मले काय येडं समजले का?" रंगराव कडाडले. पण यंत्राची बॅटरी वाहून त्यांची कंबर गेली होती. कायद्याला जे जमले नाही, ते कंबरेने केले.

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सर्वात आनंदाचे वर्ष. गीताबाई रोज सकाळी परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर ठेवतात तसे उद्धवच्या हातावर दही ठेवत. वर्षभर! सगळे गाव पर्यवेक्षक झाले. पारावर पत्त्यांचा डाव पडला आणि उद्धव नुसता थबकला, तरी कोणीतरी ओरडे, "काऊन बे, पेपर सोडून इकडं कुठं?" नीळकंठराव सायकलवरून येत. दोन-चार खेपा त्यांनी शब्द दुरुस्त करून पाहिला. मग तेही विचारू लागले, "काय उद्धवराव, पेपर कसा चाललाय?"

पेपर उत्तम चालला होता. उद्धव मला पुसे, वायरी जोडे आणि वऱ्हाडी भांडायला लागले की मोठ्याने गाणे लावी.

वर्ष संपले. निकाल ऐकायला गाव पारावर जमले. उद्धवने यंत्र मांडून मला पारावरच ठेवले होते. नीळकंठरावांनी रंगरावांना विचारले, "तुमचे काय म्हणणे?"

रंगराव जड आवाजात म्हणाले, "सायेब, याले नापास करा."

गीताबाई पदर खोचून पुढे आल्या. "काय घोडं मारलं हो माह्या लेकानं तुमचं?"

"काईच नाई मारलं, वैनी! म्हून तं! पास झाला का हा चालला. मंग माह्यी बॅटरी कोन उचलन? अजून एक साल बसू द्या परीक्षेले."

नीळकंठरावांनी हसू आवरून सांगितले, की कायद्यात नापास म्हणजे थेट तुरुंग. पुन्हा बसायची सोय नाही. माणूस हवा असेल तर पगार देऊन ठेवा.

रंगराव विचारात पडले. तेवढ्यात उद्धव बोलला, "मले तं कोनी इचारा! राहीन मी. पन लग्नात वऱ्हाडाची नावं मीच पुकारीन."

"पुकार बाप्पा, पुकार!"

"उत्तीर्ण," नीळकंठराव म्हणाले.

गीताबाई उठल्या. माइक बाजूलाच राहिला. त्यांनी माझ्याच रुंद तोंडात तोंड घातले आणि ओरडल्या, "पास झाला होऽऽ! माहा उद्धव पास झाला!" माझ्यातून आवाज बाहेर जातो, आत येत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नाही. तरी सगळ्या गावाला ऐकू गेले.

मित्रांनो, आता मी अडगळीत असतो. माझ्या अंगावर पोचे आहेत. तुमच्या घरी पोचा आलेली वस्तू असेल तर ती लगेच भंगारात काढू नका. आधी ती सरळ करणारा कोणी आहे का, ते पाहा. आणि तो भेटला, तर त्याला सांगा, बाबा रे, जरा हळू ठोक.