घशात अडकलेलं औषध

दादाची उमर दगड कापण्याच्या कारखान्यात गेली आणि फुफ्फुसं तिथल्या धुळीने भरली. त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत काम करायची. तिथे फुफ्फुसाच्या औषधाचं यंत्र बनत होतं: बारीक नळीतून औषध सोडायचं, नळीला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. टोकाचा थेंब ताणून निमुळता होतो आणि त्यातून धुक्याहून बारीक तुषार सुटतात, श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाण्याजोगे. फक्त त्यांच्यावर विजेचा भार असतो. तो आधी उतरवला नाही, तर सगळं औषध घशालाच चिकटतं.

माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा तिने प्रमुख बाईंकडे दादासाठी शब्द टाकला.

"त्यांना तेवढा श्वासच ओढता येत नाही," बाई म्हणाल्या. "नियमात बसत नाहीत गं."

घरी येऊन तिने ते दादाला सांगितलं. "धूळ आत शिरताना कुणी नियम नाही विचारला," म्हणाला आणि धापा टाकत राहिला. दम परतल्यावर म्हणाला, "तूच आण ना घरी. होऊन होऊन काय होईल?"

ती टाळत राहिली. वहिनी उशा रचून त्याला बसवून ठेवायची. तेच बहिणीला बघवेना. एका रविवारी दुपारी तिने प्रयोगशाळेत बाजूला काढलेलं जुनं यंत्र पिशवीत घालून आणलं. भार उतरवणारी त्याची सुई बोथट झाली होती. चालून जाईल, असं तिला वाटलं.

दुसऱ्याच श्वासाला दादाचा घसा आवळला. खोकला थांबेना, ओठ निळे पडले. दवाखान्यात श्वासासाठी घशात नळी घालावी लागली. काय दिलंत, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिने काहीही लपवलं नाही. बाईंनाही स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी हात पुढे करून प्रयोगशाळेची किल्ली मागितली.

नळी निघाली, पण दादा घरी आला नाही. शेवटी शेवटी तिचा हात धरून पुटपुटला, "औषध बरं होतं का गं?"

"औषध बरं आहे, दादा. यंत्र खराब होतं."

"मग झालं तर."

तो गेल्यावर वहिनीने तिच्याशी बोलणं टाकलं. चाचण्या चालूच राहिल्या. काही रोग्यांना पायऱ्या चढता येऊ लागल्याचं तिला जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, तशी ती वहिनीकडे गेली.

वहिनीने दारातच ऐकून घेतलं. "बरं झालं हो त्यांचं, वन्सं," म्हणाली आणि आत निघून गेली. दार उघडंच होतं. आत जायचा धीर तिला झाला नाही.