छातीवरच्या पाहुण्याला तर्री-पोहे

"भाऊ, आज पुन्हा येऊन बसला तो माह्या छातीवर. चांगला अर्धा तास."

जिजाबाईंनी हे असं सांगितलं, की दूधवाला उशिरा आल्याची तक्रार वाटावी.

"वजन किती असेल त्याचं?" मी विचारलं.

"पोतंभर तांदूळ धरा. दुपारी कूलर लावून आडवी झाली. डोळे उघडे, पंखा फिरताना दिसून राहिला, पण बोट हलत नाही का आवाज निघत नाही."

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत जिजाबाईंचं दार माझ्या दारासमोर. चौतीस वर्षं त्या दवाखान्यात आया होत्या; रात्रपाळ्या करकरून हे दोन खोल्यांचं घर घेतलं. मी वनखात्यातला निवृत्त गार्ड. माझ्या गप्पा ऐकून वाघ जांभया देत, असं मी सांगतो. वाघ कबूल करत नाहीत.

या पाहुण्यावर सगळ्यांनी उपाय सांगून झाले होते. कन्हानच्या भावजयीनं सांगितलं, मुंजा आहे, उशीखाली विळा ठेवा. डॉक्टर म्हणाले, झोपेतून डोकं आधी जागं होतं, अंग मागे राहतं, घाबरू नका. पुण्याला असलेल्या मुलानं, अमोलनं, मात्र फोनवर निकालच देऊन टाकला. आई, आता एकटी राहायचं नाही. फ्लॅट विकू. या महिन्यात कागद घेऊन येतो, तू फक्त सही कर.

"पुण्यात मले कोण ओळखते, भाऊ?" जिजाबाई म्हणाल्या. "इथं निदान छातीवर बसणारा तरी ओळखीचा हाये."

हसल्या, पण डोळे भिंतीवरून फिरत होते. मला राहवलं नाही. मी खुर्ची पुढे ओढली.

"हा प्राणी जगभर ड्युटी करतो, जिजाबाई. जपानात माणसाला जणू दोरीनं बांधून टाकतो. तुर्कस्तानात काळा होऊन दाबतो. कॅनडाकडच्या एका बेटावर म्हातारी होऊन बसतो. आपल्याकडच्यानं तर उन्हाळा सोसत नाही म्हणून बदलीचा अर्ज दिला होता."

"मग भेटली का बदली?"

"नागपुरातून बदली कोणाले भेटते? पण जर्मनीत त्याच्यावर उपाय आहे. तो बसला की मनातल्या मनात म्हणायचं, उद्या सकाळी खायला ये. दुसऱ्या दिवशी जो पहिला दारात येईल, तोच दाबणारा! त्याला पोटभर वाढायचं. मग तो परत बसत नाही."

"तुमाले कोणं सांगतलं हे?"

"जंगल पाहायला आलेल्या जर्मनानं. रस्त्यात अस्वल बसलं होतं. ते उठेपर्यंत वेळ काढायचा होता."

यातलं अस्वल माझं. उपाय खरंच तिकडचा आहे. आणि माझा हेतू म्हणाल, तर जिजाबाईंच्या हातचे तर्री-पोहे. पहिला दारात कोण जाणार, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, "बोलावलं त्याले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी अंघोळ करून, भांग पाडून हजर. दार उघडंच. आत मांडीवर बॅग घेऊन अमोल पोहे खात होता. पुण्याच्या बसमधून नुकताच उतरलेला. समोर जिजाबाई हातात पळी घेऊन उभ्या, आणि हसून हसून डोळ्यांना पाणी.

"भाऊ, सापडला!"

"आई, काहून हसून राहिली तू?" अमोल वैतागला.

"खा गा, पोटभर खा. तर्री घे अजून." मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

अमोलचे कान लाल. "म्हणजे मी बसतो तुह्या छातीवर?"

"रोज फोन करून बसतच तर हायेस!"

तोही हसला. मग घास तसाच राहिला. "मले काळजी वाटते, आई. तुले एकटीले काही झालं तर?"

"काळजी कर. पण घर माहं हाये."

पहिल्या पाहुण्याचा मान गेला, पण मलाही एक बशी मिळाली.

रात्रभराच्या प्रवासानं दमलेला अमोल दिवाणावर आडवा झाला. आम्ही हळू आवाजात बोलत होतो, आणि जिजाबाई वाक्य अर्धं टाकून उठल्या. अमोलचे डोळे अर्धवट उघडे होते. श्वास तोकडा, बोटं ताठ. मी तर ओरडणारच होतो. त्या त्याच्या पायाशी बसल्या, अंगठा धरला आणि सावकाश फिरवू लागल्या.

"मी हाये. जाईल आता. मी हाये."

मोठा श्वास घेऊन अमोल उठून बसला. घामानं चिंब.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"होस्टेलपासून." तो खाली पाहत म्हणाला. "सुटेपर्यंत पडून राहतो."

"अन् तिथं अंगठा कोण धरते?"

"कोणी नाही."

"एकटा राहतो, अन् मले न्याले आला?"

अमोलनं बॅगेतलं कागदांचं पाकीट काढलं, बंदच ठेवून शर्टांच्या तळाशी सारलं आणि चेन लावली.

"चार दिवस राहतो इथं, आई."

"राह्य ना."

तो पुन्हा झोपला. या खेपेला तोंड उघडं टाकून, घोरत. मी बशी मोरीत ठेवून निघालो. एरवी दारापर्यंत येणाऱ्या जिजाबाई आज जागच्या हलल्या नाहीत. कूलरचं पाणी संपून जाळीतलं नुसतं कोरडं गवत फडफडत होतं, आणि पोराचा अंगठा त्यांच्या मुठीत होता.