जावयाचा ब्रश

सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. वॉचमन, भाजीवाला, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, सगळेच. पंचाईत व्हायची ती एकट्या त्यांच्या नवऱ्याची. "जगानं सिस्टर म्हटलं तर मान, आणि मी म्हटलं तर लोक हसणार," असं म्हणत ते बिचारे आयुष्यभर 'अगं'वर भागवत आले होते.

सिस्टरांची उभी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली. कात्र्या, चिमटे, नळ्या उकळायच्या, वाफवायच्या, पुसायच्या आणि ट्रेमध्ये ओळीनं मांडायच्या. डॉक्टरनं नुसता हात पुढे केला की हवी ती वस्तू त्या हातात पडायची. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातांना काम उरलं नाही, पण सवय काही जाईना. आधी त्यांनी घरातले डबे घासले, मग खिडक्यांचे गज, मग दारांच्या बिजागऱ्या. नवरा पेपर वाचता वाचता मध्येच मान वर करून बघे, न जाणो आता आपला नंबर असायचा.

अशात जावई राहायला आला.

त्याच्या घरी भिंतीतला पाइप फुटला होता आणि गवंड्यांनी सगळी बाथरूम उखडून ठेवली होती. लेक कंपनीच्या कामासाठी काही महिने परदेशी. "हॉटेलात कशाला? माझं घर ओस पडलंय का?" सिस्टरांनी फोनवरच निकाल लावला, आणि जावई एक बॅग घेऊन दारात उभा राहिला.

तो रेडिओवर साउंड रेकॉर्डिस्ट होता. माणूस नाकासमोर चालणारा, पण बोलण्याच्या बाबतीत हात आखडता. सासू-जावयाचं नातं तीन वर्षांचं, पण दोघांचं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. "चहा घेणार?" "चालेल." "अजून थोडा?" "नको, पुरे." लेक घरात असली की दुभाष्यासारखी मध्ये बसायची. आता तीही नव्हती, त्यामुळे घरात शांतता अशी की घड्याळाला संकोच वाटावा.

त्यानं आल्या आल्या बेसिनच्या फळीवर आपला इलेक्ट्रिक टूथब्रश मांडला. पांढरा दांडा, खाली चार्जरची छोटी बैठक. सासऱ्यांनी तो हातात न घेता चहूबाजूंनी न्याहाळला.

"दात घासायलाही मोटार? आमचा अजून मनगटावर चालतो."

जावई ओशाळं हसला. विषय तिथंच संपला.

दोन-तीन दिवसांनी जावई कामावर गेल्यावर सिस्टर बेसिन घासत होत्या. फळी पुसायची म्हणून त्यांनी ब्रश उचलला, तर दांडा हाताला चिकट लागला. बैठकीत वाळलेल्या पेस्टचा पांढरा थर जमला होता. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. वरचं डोकं धरून त्यांनी अलगद ओढलं. ते सुटून हातात आलं, आणि आतलं दृश्य बघून त्यांच्या अंगावर काटा आला. मोटरीची बारीक पोलादी काडी जिथं डोक्यात शिरते, तिथं काळपट, बुळबुळीत गाळ भरला होता. वरचे केस, वारा खाऊन आडव्या झालेल्या गवतासारखे, चहूकडे फाकले होते. आणि त्यांच्या मुळाशी फिकट गुलाबी रंग होता.

पेस्ट तर पांढरी होती. गुलाबी काय असतं ते सिस्टरांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"अगं, दुसऱ्याचा ब्रश आहे तो," दारातून नवरा म्हणाला. "त्यातून जावयाचा!"

"जंतूंना नाती कळत नाहीत."

त्यांनी दांडा ओल्या फडक्यानं पुसला, काडीभोवतीचा गाळ कापसानं काढला, बैठकीची पिन प्लगमधून उपसून ती कोरडी केली. इथवर सगळं ठीक होतं. पण मग हात डोक्याच्या पुढे धावले. पातेल्यात पाणी, पाण्याखाली गॅस, उकळी आल्यावर ब्रशचं डोकं आत. चांगलं खळखळू दिलं. चिमट्यानं बाहेर काढलं तेव्हा त्याची मान मुरगळली होती आणि केस मेंढीच्या लोकरीसारखे गुरफटले होते.

"प्लॅस्टिक उकळायचं नसतं," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी स्वतः किती नव्या नर्सना दरडावून सांगितलं असेल, त्याला गणती नव्हती.

नवऱ्यानं पातेल्यात डोकावलं. "आता जावयाला काय दाखवणार? हे?"

त्यांनी ते वाकडं डोकं रुमालात गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं रुमाल उघडला.

"काकू, हे काय, ओव्हनमध्ये भाजलंत?"

"असंच नवीन द्या. चौकशी नको."

त्यानं तसंच डोकं काढून दिलं. "हे निळे केस आहेत ना, यांचा रंग उतरला की बदलायचं. तीन महिन्यांच्या वर चालवू नये. केस त्याआधी फाकले तर आधीच. मागचं कधी बदललं होतं?"

"ज्याचं आहे त्याला विचारते," सिस्टर म्हणाल्या. विचारायचं कसं, हाच तर प्रश्न होता.

घरी येऊन त्यांनी नवं डोकं चढवलं. ब्रश होता तसा, होता त्याच तोंडानं ठेवला.

"सांगून टाक," नवरा म्हणाला.

"त्यांना कळणारही नाही."

खरं तर ब्रशचं त्यांना एवढं काही वाटत नव्हतं. मनात सलत होता तो गुलाबी रंग. थिएटरात असत्या तर पेशंटला सरळ सांगितलं असतं, तोंड उघडा. पण जावयाला हिरड्या दाखवा म्हणायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून ब्रशची गुणगुण ऐकू आली. मध्येच थांबली. परत सुरू झाली, परत थांबली. दार उघडलं आणि ओठांच्या कडेला फेस तसाच घेऊन जावई बाहेर आला.

"आई, ब्रशचा आवाज बदललाय."

सासऱ्यांनी पेपर उचलून चेहऱ्यासमोर धरला.

"म्हणजे कसा?" सिस्टरांनी विचारलं.

"मोकळा झालाय. आधी खाली एक घरघर असायची. मला वाटलं मोटर जाणार. आज एकदम स्वच्छ."

ज्याचं पोटच कानांवर, त्याच्यापासून आवाज लपवायला निघालो होतो आपण! सिस्टर ताठ उभ्या राहिल्या आणि सर्जनसमोर सांगावं तसं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या.

"मी उघडला. आत घाण होती, ती काढली. डोकं उकळलं, ते वाकडं झालं. म्हणून नवीन आणलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

जावई त्यांच्याकडे बघत राहिला. मग हातातल्या ब्रशकडे बघितलं.

"उघडतो हा?"

पेपरमागून खुसखुस ऐकू आली.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" सिस्टरांनी विचारलं. "मग डोकं बदलत कोण होतं?"

"बदलावं लागतं?" त्यानं तोंड पुसलं आणि खुर्चीत बसला. आठवत म्हणाला, "हीच बदलत असणार. दोघांचे ब्रश शेजारी शेजारी असतात. रविवारी सकाळी ही बराच वेळ बेसिनपाशी असते. नळ चालू असतो, काहीतरी गुणगुणत असते. मी आपला बाहेर हेडफोन लावून. मला वाटायचं, वस्तूच चांगली आहे, काही करावं लागत नाही."

सिस्टरही बसल्या. त्यांच्या लेकीचं कपाट उघडलं की कपडे अंगावर येत. तिच्या पसाऱ्यावरून मायलेकींची किती वर्षं जुंपायची! 'तुझं सासरी कसं व्हायचं' हे वाक्य तर त्या घरात रोजच्या भाजीसारखं होतं. आणि ही पोरगी दर रविवारी नवऱ्याच्या ब्रशची मान धुवत होती, वर त्याला पत्ता लागू न देता.

विषय निघालाच आहे तर आता अर्ध्यावर सोडण्यात अर्थ नव्हता.

"हिरड्यांतून रक्त येतं ना तुमच्या?"

जावयानं ब्रश टेबलावर ठेवला. मग मान हलवली. "ही गेल्यापासून वाढलंय. मला वाटलं, आपण नीट घासत नाही म्हणून येतं. म्हणून जोर लावून घासतो."

"फाकलेल्या केसांनी, जोर लावून!" सिस्टरांनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. त्या उठल्या, चहाचा चमचा घेतला आणि बोटांच्या टोकांत धरून दाखवला. "असा धरायचा. मुठीत नाही. एकेका दातापाशी न्यायचा, हिरडीच्या कडेला जरा तिरका टेकवायचा आणि थांबायचं. हलवायचं काम मशीनचं. तुम्ही घासायला लागलात तर ते बिचारं काय करणार?"

जावयानं ब्रश तसा धरला, सुरू केला, टेबलाच्या कडेला हलकेच टेकवला. मग जरा दाबला. परत सोडला. त्याचा चेहरा बदलला.

"दाबला की सूर खाली येतो. मोटर दमते. मोकळा धरला की वर जातो." त्यानं पुन्हा करून दाखवलं. "ऐकलंत?"

सिस्टरांनी कान दिला. खरंच की.

"मग मी कशाला शिकवू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही कानांनीच घासा."

त्यावर तो हसला. तोंडभर, दात दिसतील असा. तीन वर्षांत असा तो या घरात पहिल्यांदाच हसला असावा. सिस्टरांचं लक्ष मात्र हसण्याआधी हिरड्यांकडे गेलं. लाल होत्या, फुगलेल्या.

"आजच डेंटिस्टकडे जायचं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही याल?"

हे त्यांना अनपेक्षित होतं. चाळिशीकडे झुकलेला माणूस, दातांच्या डॉक्टरकडे जायला सोबत मागत होता. "मला त्या खुर्चीची भीती वाटते," तो पुढे म्हणाला. "त्या यंत्राचा आवाज. बाकी लोकांना ऐकू येतो त्याच्या दुप्पट येतो मला."

"येते," सिस्टर म्हणाल्या आणि पर्स शोधायला आत गेल्या.

दवाखान्यात तो आत गेला आणि त्या बाहेर बाकावर बसल्या. आयुष्यभर त्या दाराच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या. बाहेर बसलेल्यांचं काय होतं, ते आज कळलं. मासिकाची पानं त्यांनी उलटसुलट केली, एक शब्द वाचला नाही. आत यंत्र किर्रकिर्र करायला लागलं तेव्हा त्यांनी नकळत स्वतःचेच दात आवळून धरले.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी त्यांनाही आत बोलावलं. दातांच्या मुळाशी कीटण चढलं होतं, ते खरवडून काढलं होतं. हिरड्या सुजल्या होत्या, पण आतलं हाड अजून धड होतं. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर दात हलायला लागले असते. आता हलक्या हातानं घासा, आणि ब्रश स्वच्छ ठेवा."

"ते मी बघते," सिस्टर म्हणाल्या.

"मी बघेन," जावई त्याच वेळी म्हणाला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बापानं आधीच सगळं मीठमसाला लावून कळवलं होतं.

"आई, उकळलंस? सिस्टर म्हणवतेस स्वतःला!"

"हसून घे." सिस्टरांनी फोन घेऊन आतली खोली गाठली. "तू ते दर रविवारी करायचीस, मला कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं? तू कधी सांगत बसलीस, आज काय काय धुतलं ते?" वर ती म्हणाली, "आणि उगाच आशा लावून घेऊ नकोस. कपाट माझं आहे तसंच आहे."

सिस्टरांना बोलायचं बरंच होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे."

रविवारी सकाळी जावई बेसिनपाशी उभा राहिला. सिस्टर दारात, हात पाठीमागे बांधून. ते बांधून ठेवायला त्यांना किती कष्ट पडत होते, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यानं डोकं काढलं, नळाखाली आतून-बाहेरून धुतलं. काडी पुसली. पाणी झटकलं ते निम्मं आरशावर उडालं. सिस्टरांनी जिभेला गाठ मारली. डोकं आणि दांडा त्यानं वेगवेगळे, उभे ठेवले, वारं लागून वाळावेत म्हणून. बैठक प्लगमधून काढून कोरड्या फडक्यानं पुसली.

"बरोबर?" त्यानं विचारलं.

"आरसा," सिस्टर म्हणाल्या. राहवलंच नाही.

त्यानं मुकाट्यानं आरसा पुसला. दारामागून सासऱ्यांचा आवाज आला, "जावईबापू, आता माझ्या चष्म्याचंही बघा. या घरात काचा फक्त माझ्याच घाण आहेत."

पुढचे दिवस सरळ गेले. फेसातला गुलाबी रंग आधी फिका झाला, मग दिसेनासा झाला. रात्रीचं जेवण झालं की जावई जरा टेबलाशी रेंगाळू लागला. रेकॉर्डिंगच्या गमती सांगू लागला, रेडिओवर पावलांचा आवाज कशानं काढतात ते करून दाखवू लागला. सिस्टरांनी त्याला थिएटरातल्या गोष्टी सांगितल्या. त्या त्यांच्या नवऱ्यानेही कधी पुऱ्या ऐकल्या नव्हत्या, कारण त्याला रक्ताचं नाव काढलं की घेरी यायची.

मग गवंड्यांचं काम संपलं आणि जावई बॅग भरून आपल्या घरी गेला. फळी रिकामी झाली. सिस्टरांनी ती पुसली, दोन दिवसांनी परत पुसली.

एका दुपारी त्यांचा फोन वाजला. नाव जावयाचं. एरवी त्याच्या नंबरावरून आला तरी फोनवर लेकच असायची. ती तर अजून परतली नव्हती. 

"काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे, आई. किटलीच्या तळाला पांढरं काहीतरी धरलंय. खरवडलं तर निघत नाही. काय करू?"

सिस्टर खुर्ची ओढून निवांत बसल्या. "खरवडू नका, चरे पडतील. घरात लिंबू आहे?"

"बघतो." फ्रिज उघडल्याचा आवाज. "आहे एक. जरा सुकलंय."

"चालेल. चिरा आणि आत टाका. मी आहे फोनवर."

आतून नवऱ्यानं विचारलं, "चहाचं काय?" सिस्टरांनी हातानंच खूण केली, थांबा म्हणून.