बसल्या जागी खाचर

मी एक जुनी पायरी आहे. सहा फूट लांब, काळ्या दगडाची. मित्रांनो, आज माझ्यावर जमिनीपासून छतापर्यंतची काचेची खिडकी उभी आहे. आमच्या खोऱ्यात दुसऱ्या कुठल्या पायरीला हा मान मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

पाथरवटाने मला गुंजवणे गावात घडवले. पन्नास वर्षे मी रखमाजींच्या दारात होते. चिखलाचे पाय, नव्या नवरीची पावले, शेळ्यांचे खूर, सगळे मी झेलले. माझी पुढची कड झिजून उतरती झाली. मागची, भिंतीलगतची, मात्र ताठ राहिली. पुढे धरण आले, घर उठले. ट्रॅक्टरमधून मी मार्गासनीला आले आणि परसात पडून राहिले. माझ्यावर धुणी आपटली जात. वाईट वाटे, पण सांगणार कोणाला?

गेल्या उन्हाळ्यात रखमाजींच्या मुलाने, गोरखने, नवे घर बांधले. त्याच्या आईचे, ठकुबाईंचे, गुडघे गेलेले. शेतावर जाणे बंद झालेले. खुर्ची त्यांना मानवत नाही, त्या जमिनीवरच बसतात. त्यांचे एकच मागणे होते : बसल्या जागी भाताचे खाचर दिसावे. खाचर घराच्या खालच्या अंगाला आहे, म्हणून गोरखने जमिनीपासून छतापर्यंतचे माप देऊन भोरला खिडकी सांगितली.

पण कुंडलिक गवंड्याचा हात सवयीचा. पावसाच्या मुलखात खिडकीखाली ओटा हवाच, म्हणून त्याने न विचारता हातभर उंच ओटा बांधून टाकला. टेम्पोतून चौकट आली ती उरलेल्या जागेपेक्षा हातभर उंच!

"काच कापा की," कुंडलिक म्हणाला.

"टफन काच हाय ती. कापाय गेलं की चुरा," गोरख चिडला.

"मग दुसरी बुटकी मागव."

ठकुबाई सरकत ओट्यापाशी आल्या. "हितनं नुसता डोंगर दिसतोय. डोंगराला माझी काय गरज? माझं खाचर कुठं हाय?"

"काकी, ओटा काढला तर पाणी घरात येईल. मग मलाच शिव्या घालाल."

"मग आत्ताच घालते, थांबायचं कशाला?"

कुंडलिकही हसला, पण पाण्याचा प्रश्न उरलाच. तेव्हा ठकुबाईंनी परसाकडे बोट केले. "ती पायरी आणा. जुन्या घरात इतकं पावसाळं झालं, तिनं थेंब आत येऊ दिला न्हाई."

"ही झिजकी? नव्या घराला?" कुंडलिकने विचारले.

"झिजली म्हणून तर पाणी भाईर जातंय, शहाण्या!"

कुंडलिकने माझ्यावर तांब्याभर पाणी ओतले. ते सरसर पुढे उतरून गेले. मग त्याने आपल्या हाताने ओटा फोडला, मला जमिनीत बसवले, पाणसळ लावून माझी मागची कड फरशीला जुळवली. त्या कडेवर चौकट अगदी बरोबर बसली.

आषाढात तीन दिवस पाऊस कोसळला. कुंडलिक छत्री घेऊन आला आणि फरशीवरून हात फिरवत राहिला. फरशी कोरडी होती. तेवढ्यात ठकुबाईंनी काचेवर हात आपटला. "गोरख! खालचा बांध फुटला रं! पळ!" गोरख फावडे घेऊन धावला. लावणी वाचली.

आता ठकुबाई शेतावर नसतात, असे कोण म्हणेल?

मित्रांनो, झिजलेली वस्तू फेकण्याआधी ती कशाने झिजली, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारत जा. आणि माझ्या पुढच्या कडेवर पाला साचतो, तेवढा काढत जा. बाकी पावसाचे मी बघून घेईन.